शेळीची पापणी उलटून पाहा

जव्हार-मोखाड्यात भाताची आणि नागलीची लावणी झाली की शेळ्यांची पंचाईत होते. एरवी रानात करवंदी-बोरीचा पाला ओरबाडणाऱ्या शेळ्या बांधावरच्या कोवळ्या गवताला तोंड लावतात, आणि तिथेच त्यांची गाठ हिमाँकस या जंताशी पडते.

हा जंत आतड्याच्या अलीकडे, शेळीच्या चौथ्या पोटात राहतो. दोन-तीन सेंटिमीटरची मादी लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते. त्यातला लाल पीळ म्हणजे शेळीचं रक्त. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. म्हणजे ५,००० जंत असले तर रोज पाव लिटर! वीस-पंचवीस किलोच्या शेळीत रक्तच मुळी दीड-पावणेदोन लिटर. गंमत अशी, की नुसत्या या जंताने शेळीला सहसा हगवण लागत नाही. मालक हगवणीची वाट पाहतो आणि शेळी पांढरी पडत जाते. जबड्याखाली पाण्याची सूज दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

मादी रोज हजारो अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात आणि उबदार ओलीत आठवड्याभरात अळ्या तयार होऊन गवताच्या ओल्या पात्यांवर चढतात, बहुतेक जमिनीपासून दोन-तीन इंचांपर्यंतच. ‘दव सुकल्यावर शेळ्या सोडा’ हा सल्ला पुस्तकात शोभतो. जुलैत जव्हारला ऊन आणायचं कुठून? त्यापेक्षा पाला तोडून गोठ्यात उंचावर टांगणं जमण्यासारखं आहे.

आणि औषध? सगळ्या कळपाला सरसकट पाजण्याची सवय मला घातक वाटते. औषधातून तगलेल्या जंतांचीच पिल्लावळ मग वाढते. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोलला न जुमानणारे जंत भारतातही आढळले आहेत. त्यात शेळीचं शरीर मेंढीपेक्षा औषध लवकर संपवतं, म्हणून मेंढीच्या मापाचा डोस तिला अपुरा पडतो.

कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात. त्या हेरायला दक्षिण आफ्रिकेत ‘फमाचा’ हा रंगांचा तक्ता तयार झाला. खालची पापणी उलटून आतला रंग पाच छटांशी ताडून पाहायचा. लालबुंद असेल तर औषध नको, फिकट-पांढरी असेल तर लगेच हवं. गावातल्या पशुसखीलाही हे शिकता येईल.

मात्र भातखाचरांच्या भागात पापणी यकृतातल्या चपट्या कृमीमुळेही पांढरी पडते. तो गोगलगाईंमार्फत पसरतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. म्हणून पापणी पांढरी दिसली की थोड्या ताज्या लेंड्या पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्याव्यात.