स्वागतकक्ष की शाळेचा उंबरठा?
ग्रामीण महिलांपुढील रोजगाराच्या दोन वाटा

बारामती-इंदापूर मार्गावरील पिंपळी हे बारामती शहरालगतचे गाव. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीकडे निघाली की वाटेत हे गाव लागते. नीरा डावा कालवा आणि ऊस यांवर या पट्ट्याचे अर्थकारण उभे राहिले. परंतु बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलीला किंवा लग्न होऊन गावात आलेल्या सुनेला आज उसाच्या फडापेक्षा निराळे काम हवे असते, आणि तशी अपेक्षा बाळगणे सर्वस्वी रास्त आहे. अशा वेळी प्रामुख्याने दोन प्रकारची कामे तिच्यासमोर येतात. एक, बारामतीतील एखाद्या दवाखान्यात किंवा रुग्णालयात स्वागतिकेचे अथवा केसपेपरच्या खिडकीवरचे काम. दुसरे, गावातील शाळेत किंवा अंगणवाडीत मदतनिसाचे काम.

बारामतीत उपजिल्हा रुग्णालय आहे. २०१९ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खाजगी दवाखाने, प्रसूतिगृहे, सोनोग्राफी केंद्रे आणि औषध दुकाने यांची तर शहरात रांगच आहे. म्हणजे पहिली वाट शहराकडे जाते, तर दुसरी गावातच राहते. घरातील वडीलधारी मंडळी बहुधा एवढ्याच भेदावर निर्णय देतात. “गावातलं आहे, बरं आहे,” किंवा “शहरातलं आहे, चार पैसे जास्त मिळतील,” या दोन वाक्यांत विषय संपतो. सल्ला विचारण्यासाठी मुलगी शिक्षकांकडे, ग्रामसेवकांकडे किंवा पंचायत सदस्यांकडे आली, तर त्यांनी मात्र इतक्यावर थांबू नये.

वेतन आणि मानधन

शाळेतील सहाय्याची कामे एका जातीची नाहीत, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. शाळेचा शिपाई, पोषण आहाराचा स्वयंपाक करणारी आणि अंगणवाडीची मदतनीस या तिघांच्या नेमणुकीचे नियम, पैसा आणि भवितव्य वेगवेगळे आहे.

एके काळी खाजगी अनुदानित शाळेतील शिपायाची जागा ही कायम नोकरी समजली जाई. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही संरक्षण दिले. त्या आठवणीवर आजही अनेक कुटुंबे विसंबून आहेत. वस्तुतः ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने चित्र पालटले. अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे रिक्त होतील तसतशी ती नियमित वेतनश्रेणीत न भरता शाळेला ठोक शिपाई भत्ता देण्याचे ठरले. ग्रामीण भागासाठी हा भत्ता दरमहा ५,००० रुपये ठरविण्यात आला. “शाळेत चिकटली की जन्माचे कल्याण” हा समज नव्या नेमणुकीच्या बाबतीत खरा उरलेला नाही, हे मुलीला स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे.

पोषण आहाराचे काम याहूनही वेगळे. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, आणि मुलांना शाळेतच शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. स्वयंपाकी-मदतनिसाचे मानधन केंद्राच्या निकषानुसार २००९ पासून दरमहा १,००० रुपये, तेही वर्षातील दहा महिन्यांसाठी, असे ठरले. राज्याने आपली भर घालून २०२३ मध्ये ते २,५०० रुपयांवर नेले. पन्नास-साठ मुलांचे जेवण वेळेवर तयार करणाऱ्या हातांना मिळणारी ही रक्कम घर चालविण्यास पुरेल असे कोणीही म्हणणार नाही. शेतीला जोड म्हणून हे काम ठीक आहे. एकट्या कमावत्या बाईने त्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

अंगणवाडीची गोष्ट निराळी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यातून घडलेल्या कल्पनेला २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत देशव्यापी रूप मिळाले. या व्यवस्थेत मदतनीस हे सर्वांत खालचे पद असले तरी त्याला पुढची पायरी आहे. राज्याच्या २०२३ च्या निकषांनुसार उमेदवार बारावी उत्तीर्ण, त्याच गावची रहिवासी आणि १८ ते ३५ वर्षे वयाची असावी लागते. विधवांना ४० वर्षांपर्यंत सवलत आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत पाच वर्षांच्या अनुभवानंतर मदतनिसास सेविकेच्या, आणि सेविकेस पर्यवेक्षिकेच्या निम्म्या जागांवर पदोन्नतीची वाट ठेवली आहे. राज्यात मदतनिसाचे मानधन २०२३ मध्ये ४,४२५ वरून ५,५०० रुपये झाले आणि २०२४ मध्ये त्यात पुन्हा वाढ झाली.

येथे ‘मानधन’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहावे लागेल. शब्द आदराचा आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो वेतनाहून दुबळा आहे. अंगणवाडी सेविका नागरी सेवेतील पद धारण करीत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात म्हटले होते. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना उपदान प्रदान अधिनियम, १९७२ लागू होतो, म्हणजे त्या ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्णय दिला. सोळा वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन निर्णयांच्या मधल्या जागेत या महिलांची आजची स्थिती आहे. त्या शासकीय कर्मचारी नाहीत. निव्वळ स्वयंसेविकाही राहिलेल्या नाहीत.

दवाखान्याच्या बाजूला शब्द वेतनाचा असतो, पण कागद बहुधा नसतो. एका डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात दोन-तीन माणसे काम करतात. दुकाने व आस्थापनांविषयीच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात दवाखाने, प्रसूतिगृहे आणि रुग्णालये स्पष्टपणे समाविष्ट आहेत. परंतु मूळ कायद्यातच दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना बहुतांश तरतुदींतून वगळल्या गेल्या. भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस, तर राज्य विमा योजनेसाठी दहा कामगारांची अट आहे. म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन दवाखान्यांत, सारखेच काम करणाऱ्या दोन मुलींपैकी एकीला निधी, विमा आणि सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा मिळते, आणि दुसरीला प्रसूतीचे दिवस जवळ आले की ‘आता घरीच राहा’ एवढेच ऐकावे लागते. पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी तेथे किती माणसे कामाला आहेत, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते.

मोठ्या शासकीय रुग्णालयांतील खिडकीवरचे काम अनेकदा कंत्राटदारामार्फत असते. तेथे रुग्णालयाचे नाव मोठे दिसले तरी मालक कंत्राटदार असतो. निधीचा खाते क्रमांक, वेतनचिठ्ठी आणि कंत्राट कधी संपते याची तारीख, या तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात हाती असाव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील आरोग्यमित्रांचे कामही याच जातीचे आहे. अंगीकृत रुग्णालयात बसून रुग्णाची कागदपत्रे पाहणारी ही व्यक्ती शासनाच्या योजनेचे काम करते, पण शासनाच्या आस्थापनेवर नसते.

खिडकीमागचे काम

स्वागतिकेचे काम म्हणजे नाव लिहून घेणे आणि ‘बसा’ म्हणणे, असा एक सोयीस्कर गैरसमज आहे. प्रत्यक्षात दवाखान्यात आलेल्या माणसाला पहिल्यांदा पाहणारी व्यक्ती तीच असते. उसाच्या पट्ट्यात फडात पाय टाकताना घोणस किंवा मण्यार चावलेला मजूर, छातीत कळ आल्यावर घाम पुसत बसलेला शेतकरी, आईच्या कुशीत निपचित पडलेले तान्हे मूल, हे सारे तिच्यासमोर रांगेत असतात. रांगेचा क्रम मोडून कोणाला आत पाठवायचे, हे तिला क्षणात उमजावे लागते. मण्यारीच्या दंशाच्या जागी सूज वा वेदना फारशी नसते, त्यामुळे असा रुग्ण ‘बरा’ दिसतो, ही एक गोष्ट माहीत असल्यानेही एखादा जीव वाचू शकेल. पण अशी माहिती देणारे चार दिवसांचे प्रशिक्षण फार थोड्या ठिकाणी दिले जाते.

सोनोग्राफी केंद्रात तिच्या हातून भरला जाणारा कागद तर थेट कायद्याचा असतो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधाच्या १९९४ च्या कायद्याखालील ‘एफ’ नमुना अपूर्ण राहणे ही केवळ कारकुनी चूक म्हणून सोडून देता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी दिला आहे. जबाबदारी केंद्राची आणि डॉक्टरांची असली, तरी रिकामा रकाना राहतो तो बहुधा गर्दीच्या वेळी, खिडकीवर.

आणखी एक बाब शहरातल्या सल्लागाराच्या ध्यानात येत नाही, ती गावातल्या माणसाला लगेच पटेल. पिंपळीची मुलगी बारामतीच्या दवाखान्यात बसली की तिच्यासमोर पिंपळीचीच माणसे येतात. कोणाला क्षयाचा औषधोपचार चालू आहे, कोणाचा एचआयव्ही अहवाल काय आला, कोणत्या घरची सून गर्भपातासाठी आली, हे तिला कळते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने अशी माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. गर्भपातविषयक कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीचे नाव उघड करणे हा एक वर्षापर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा ठरविला. सायंकाळी ओट्यावर सासू, जाऊ, शेजारीण विचारतात, “आज आपल्यातलं कोण आलं होतं गं?” या प्रश्नाला रोज उत्तर न देता निभावणे, आणि तेही नाते न दुखावता, हा या नोकरीतला सर्वांत कठीण भाग आहे. ज्या मुलीला हे जमणार नाही, तिने पगार कितीही असला तरी त्या खुर्चीवर बसू नये.

शाळेत नेमके उलटे आहे. तेथे गप्प राहणे हाच दोष ठरतो. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने असा गुन्हा घडल्याचे माहीत असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळविण्याची सक्ती केली आहे. तेथे शिपाई, मदतनीस, मुख्याध्यापक असा भेद नाही. (ही सक्ती दवाखान्यालाही चुकत नाही, अल्पवयीन रुग्णाच्या बाबतीत शंका आली तर स्वागतिकेने ती तत्काळ डॉक्टरांच्या कानावर घातली पाहिजे.) ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील घटना उघडकीस आल्यानंतर राज्यात शाळेच्या कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर भर दिला गेला. परंतु पडताळणी हा अर्धा भाग झाला. लहान मूल आपली व्यथा पुष्कळदा बाईंना न सांगता हात धुवून देणाऱ्या मावशीला सांगते. मावशीने ती कोणाला सांगावी आणि सांगितल्यावर तिचे काम जाणार नाही याची हमी कोण देणार, हे शाळेने आधीच ठरवून ठेवले पाहिजे.

मदतनिसाच्या बोलण्याला किंमत न दिल्यास काय होते, याचे उदाहरण बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये घडले. शाळेतील जेवणातून कीटकनाशकाची बाधा होऊन २३ मुले दगावली. तेलाच्या वासाविषयी स्वयंपाकिणीने शंका काढली होती आणि ती मानली गेली नाही, असे त्या वेळी पुढे आले. स्वयंपाकघरातल्या बाईला ‘हे अन्न वाढणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीने तिला पहिल्याच दिवशी, सर्वांसमक्ष सांगावे.

निवड कशी करावी

सरसकट एक उत्तर देता येणार नाही, तरी काही मत मांडणे शक्य आहे. पदरी लहान मूल असलेल्या, गावातच राहू इच्छिणाऱ्या आणि बारावी उत्तीर्ण असलेल्या महिलेने अंगणवाडी मदतनिसाची जागा निघाल्यास ती सोडू नये. मानधन तुटपुंजे आहे. पण गावात राहून टप्प्याटप्प्याने वर जाण्याची सोय या तीन कामांपैकी याच एका कामात आहे. पुढे शिकण्याची इच्छा असलेल्या अविवाहित मुलीला मात्र दहापेक्षा अधिक कर्मचारी असलेल्या रुग्णालयातील स्वागतकक्ष अधिक उपयोगी पडेल. संगणकावरील नोंदणी, विमा योजनांची कागदपत्रे आणि अनोळखी माणसाशी बोलण्याची सवय ही कमाई दुसऱ्या नोकरीतही बरोबर नेता येते.

वेळेचा विचार स्वतंत्रपणे करावा. खाजगी दवाखान्यांची सायंकाळची ओपीडी लांबते. २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीशिवाय आणि संरक्षण व वाहतुकीची सोय केल्याशिवाय कामावर ठेवता येत नाही. छोट्या दवाखान्यात मात्र परतीच्या एसटीची वेळ कामाला लागण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून पक्की करून घ्यावी लागते. रोख रकमेचा हिशेब कोणी करायचा आणि गल्ल्यात तूट आल्यास ती कोणाच्या माथी, हेही त्याच वेळी विचारावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनाशुल्क झाल्याने तेथील खिडकीवर हा प्रश्न उरला नाही. खाजगी ठिकाणी तो रोजचाच आहे.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास दहापेक्षा कमी माणसांच्या दवाखान्यात तक्रार समिती नसते, म्हणून दाद मागता येत नाही, असे अनेकींना वाटते. ते खरे नाही. २०१३ च्या कायद्याने अशा ठिकाणांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमण्याची, आणि तालुक्याच्या पातळीवर तक्रार स्वीकारणारा समन्वय अधिकारी ठेवण्याची तरतूद केली आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर अंगणवाडीच्या रिक्त जागेची सूचना लागते, त्याच फलकावर या अधिकाऱ्याचे पद आणि कार्यालयाचा पत्ता लिहून ठेवण्यास कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही.