आश्रय आणि कायदा (भाग ६) : बापाच्या हातून निसटलेला शहजादा

दौंड तालुक्याच्या कडेने भीमा वाहते. पलीकडच्या काठावर, श्रीगोंदा तालुक्यात, पेडगावचा बहादूरगड आहे. कैद झालेल्या संभाजीराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये औरंगजेबापुढे उभं केलं ते इथेच. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला त्यांची समाधी आहे. या शोकांताच्या आठ वर्षं आधी राजांनी एका राजकीय आश्रिताला थारा दिला होता, आणि तो औरंगजेबाचा मुलगा होता.

शहजादा अकबराने जानेवारी १६८१ मध्ये राजपुतांच्या बळावर स्वतःला बादशहा जाहीर केलं. औरंगजेबाने एका पत्राची चाल खेळून राजपुतांच्या मनात संशय पेरला आणि फौज रातोरात पांगली. राजपूत सरदार दुर्गादास राठोडाने अकबराला दक्षिणेत आणलं. जूनमध्ये तो स्वराज्यात पोचला. सुधागडाच्या परिसरात, पालीजवळ, त्याची सोय लावली गेली. पण राजांनी भेट दिली ती थेट नोव्हेंबरात. दरम्यान राजांविरुद्ध कट करणाऱ्यांनी अकबराला आपल्या बाजूला ओढण्यासाठी पत्र धाडलं. त्याने ते राजांकडे पोचवलं. आश्रिताची याहून चोख पारख कोणती?

आज त्याचा अर्ज टिकला असता का? १९५१ च्या निर्वासित करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एका कारणाने छळाची साधार भीती असावी लागते. अकबराची भीती साधार होतीच. दारा आणि मुराद या सख्ख्या भावांचं औरंगजेबाने काय केलं, हे त्याला ठाऊक होतं. अडचण दुसरीच होती. त्याला फौज जमवून पुन्हा तख्तासाठी लढायचं होतं. आजचं संरक्षण हत्यार खाली ठेवलेल्यासाठी आहे, लढत्या बंडखोरासाठी नाही.

आश्रय देणं हे शांततेचं, माणुसकीचं कृत्य आहे, दुसऱ्या देशाने ते वैर मानू नये, असं संयुक्त राष्ट्रांनी १९६७ मध्ये जाहीर केलं. औरंगजेबाने ते वैरच मानलं. १६८१ मध्येच तो स्वतः दक्षिणेकडे निघाला. कारणं इतरही होती, सगळा दोष अकबराच्या माथी मारता येणार नाही. पण राजांनी त्याला बापाच्या हवाली केलं नाही. १६८७ मध्ये तो राजापूरहून जहाजाने इराणकडे गेला आणि तिकडेच वारला.

छळ करणाऱ्याच्या हाती माणूस परत द्यायचा नाही, हाच १९५१ च्या कराराचा कणा आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांचं सरकार स्वतः पाहतं; अफगाण, म्यानमारचे लोक दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात नोंदणी करतात. तिथे मिळणाऱ्या ओळखपत्राने व्हिसाची गरज मात्र भागत नाही. मोठा आधार राज्यघटनेचा आहे : अनुच्छेद २१ चं जीविताचं संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

पुढच्या भागात : मार्सेयच्या धक्क्यावरून परत नेलेले सावरकर आणि हेगचा १९११ चा निवाडा.