कार्यालयाचे सामाईक संगणकीय दप्तर

लहान कार्यालयातील आठ-दहा संगणक एका जाळ्यात जोडले की सर्वांच्या फायली एकत्र ठेवण्यासाठी साठवण-पेटी घेतली जाते. ती घेताना आजची गरज पाहण्याबरोबरच तीत डिस्कसाठी किती खण आहेत, हे पाहणे अगत्याचे असते. दोन खणांच्या पेटीत ४ टेराबाइटच्या दोन डिस्क परस्परांची प्रतिकृती म्हणून ठेवल्यास उपयोगाची जागा ४ टेराबाइटच राहते. ती भरली की दोन्ही डिस्क बदलणे आले. चार खणांची पेटी प्रथम महाग पडते खरी; परंतु ‘रेड-५’ या रचनेने तीत तशाच तीन डिस्क बसविल्यास ८ टेराबाइट जागा मिळते व पुढे चौथी घालून ती १२ करता येते. ही सोय सर्वच पेट्यांत नसते, म्हणून खरेदीपूर्वीच खात्री करून घ्यावी.

यांपैकी कोणत्याही रचनेत एक डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत राहते. तथापि तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. चुकून पुसलेली फाइल प्रतिकृतीतूनही त्याच क्षणी नाहीशी होते. खंडणीखोर विषाणूपुढेही तीच गत. यास्तव वेगळ्या डिस्कवर नियमितपणे प्रत घेऊन ती जाळ्यापासून अलग, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवावी. पेटीशेजारीच ठेवलेली प्रत आगीत पेटीबरोबरच जाईल.