लिनक्स कॉम्प्युटर झोपत नाही, की भलत्याच वेळी झोपतो? आधी हे तपासा

रात्री मोठी फाइल डाउनलोडला लावून तुम्ही झोपलात. सकाळी पाहता तर कॉम्प्युटर तुमच्याही आधी झोपलेला आणि डाउनलोड अर्धवट! किंवा नेमके उलटे. दिवसभर कुणी हात लावला नाही, तरी मशीन सुरूच आणि विजेचे मीटर पळते आहे. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

‘रिकामा’ म्हणजे काय?
माऊस किंवा कीबोर्डला ठरावीक वेळ हात लागला नाही की लिनक्स कॉम्प्युटरला रिकामा समजते. आत डाउनलोड किंवा कॉपी सुरू आहे का, हे ते पाहत नाही. ‘आता झोपू नकोस’ हे त्या ॲपनेच सांगावे लागते. व्हिडिओ सुरू असताना ब्राउझर तसे सांगतो. अनेक प्रोग्रॅम सांगत नाहीत.

मध्येच झोपत असेल तर...
उबंटू, फेडोरा यांसारख्या ग्नोम डेस्कटॉपवर सेटिंग्जमधील ‘पॉवर’मध्ये ‘ऑटोमॅटिक सस्पेंड’ पाहा. २०१८ च्या ग्नोम ३.२८ पासून, वीजजोडणी असतानाही ठरावीक वेळाने झोपण्याची सोय मुळातच सुरू असते. काही वितरणांनी ती बदलली आहे. एकाच कामापुरते थांबवायचे असेल, तर टर्मिनलमध्ये त्या कमांडच्या आधी ‘ग्नोम-सेशन-इनहिबिट --इनहिबिट सस्पेंड’ (इंग्रजी लहान अक्षरांत) लिहा. काम संपले की अडवणूक आपोआप उठते.

‘बंद’ केले, तरी झोपतो?
लॉगिनच्या पडद्याची सेटिंग वेगळी असते. वीज जाऊन आल्यावर मशीन सुरू झाले, पण कुणी लॉगिन केले नाही, तर तुमची सेटिंग तिथे लागू होत नाही.

झोपतच नसेल तर...
सेटिंग बदलण्याआधी अडवणारा शोधा. ‘ग्नोम-सेशन-इनहिबिट --लिस्ट’ ही कमांड कोणत्या ॲपने झोप अडवली आहे ते दाखवते. केडीई वापरत असाल, तर खालच्या पट्टीतील बॅटरीच्या चिन्हावर ते नाव दिसते. बहुतेकदा मागे राहिलेला एखादा व्हिडिओचा टॅब निघतो. यादी रिकामी असेल, तर माऊस काढून पाहा. चकचकीत टेबलावर ऑप्टिकल माऊसचा बाण आपोआप थरथरतो आणि प्रत्येक वेळी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. झोपून लगेच जागा होत असेल, तरी आधी माऊसवरच संशय घ्या.

हे विसरू नका
सस्पेंडमध्ये उघडे काम रॅममध्येच राहते आणि रॅमला वीज लागते. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, डेस्कटॉपला नसतो. झोपेत वीज गेली, तर सेव्ह न केलेले काम गेलेच. म्हणून खुर्चीवरून उठण्याआधी फाइल सेव्ह करा. झोपेची सेटिंग त्यानंतर.