किण्वाच्या पोटीं मानवी इन्शुलिन

आमच्या नगर जिल्ह्यास (२०२४ पासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) साखरेचा जिल्हा म्हणतात. कारखान्यांत साखर निघते, मागें मळी उरते, आणि त्या मळींत किण्व, म्हणजे ज्यास हल्लीं यीस्ट म्हणतात तें, सोडलें असतां मद्यार्क तयार होतो, हें येथील शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. परंतु साखरेवर जगणारा हाच सूक्ष्म जीव साखरेच्या रोग्यास जीवदान देणारें प्रथिनही तयार करून देऊं शकतो, हें पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही माहीत नसतें. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

मधुमेह आपल्या लोकांस नवा नाहीं. सुश्रुतानें प्रमेहाचे वीस प्रकार सांगून त्यांत मधुमेहाची गणना केली आहे. स्वादुपिंडांतून पाझरणाऱ्या इन्शुलिन नामक प्रथिनाचा अभाव झाला, अथवा त्याचा शरीरावर पुरेसा परिणाम होईनासा झाला, म्हणजे रक्तांतील साखर वाढते. हें प्रथिन १९२१ सालीं कॅनडांत टोरँटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं वेगळें काढलें, आणि १९२२ च्या जानेवारींत चौदा वर्षांच्या एका मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलाच्या आईबापांनीं केवळ दिवस मोजीत बसावें, अशी स्थिति होती.

मात्र अनेक वर्षें हें औषध गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. आठ औंस शुद्ध इन्शुलिनासाठीं डुकरांचे अवयव दोन टनांहून अधिक लागत. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत सोवळ्यांतल्या आजीबाईंनीं हें कळतांच टोंचून घेण्याचें साफ नाकारलें. मुलांनीं व सुनांनीं आपद्धर्म म्हणून परोपरीनें विनविलें, पण त्यांचा निश्चय ढळला नाहीं. पायाची जखम चिघळून त्या गेल्या. त्यांच्या श्रद्धेस हंसावें असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. प्राण तरी जावा किंवा नियम तरी मोडावा, असा पेंच पडूं नये, एवढेंच वाटे.

तो पेंच शास्त्रानें सोडविला आहे. १९५५ पर्यंत सँगर या इंग्रज शास्त्रज्ञानें इन्शुलिनाची रचना उलगडून दाखविली. अमिनो आम्लांचे ५१ मणी दोन सरांत ओंवलेले, अशी ती रचना आहे. डुकराच्या इन्शुलिनांत माणसाच्याहून एकच मणी निराळा. गाईच्या इन्शुलिनांत तीन. मणी कोणत्या क्रमानें ओंवावे याची आज्ञा पेशींतील जनुकांत लिहिलेली असते. तीच आज्ञा कृत्रिम रीतीनें लिहून सूक्ष्म जीवाच्या पेशींत घातली, तर तो जीव ती मुकाट्यानें पाळतो. लेखनिकानें मजकुराचा अर्थ न जाणतां नक्कल उतरून द्यावी, तसें हें. १९७८ सालीं अमेरिकेंत एका जंतूकडून असें इन्शुलिन करविलें गेलें, व १९८२ पासून तें रोग्यांस मिळूं लागलें. पुढें किण्वाकडूनही हें काम घेण्यांत आलें. हें इन्शुलिन ‘मानवी’ खरें, परंतु कोणा मनुष्याच्या शरीरांतून काढलेलें नव्हे, आणि त्यासाठीं कोणत्याही जनावराचें स्वादुपिंड लागत नाहीं. यालाच पुनःसंयोजित मानवी प्रथिन म्हणतात.

हा उद्योग आमच्या शेजारींही रुजला. गोदावरीपलीकडे औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, ज्या वोक्हार्ट कंपनीचे कारखाने आहेत, तिनें किण्वाच्या एका जातीकडून हें इन्शुलिन करवून २००३ सालीं ‘वोसुलिन’ या नांवानें बाजारांत आणलें. भारतीय कंपनीनें स्वतः तयार केलेलें हें पहिलें मानवी इन्शुलिन होय.

अशा प्रथिनांचा दुसरा उपयोग प्रयोगशाळेंत होतो. शरीराबाहेर काचपात्रांत पेशी वाढवून त्यांचा अभ्यास करतात. पुण्याचें राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या विद्येसाठीं प्रसिद्ध आहे. पेशींच्या पोषक द्रवांत पुष्कळदां इन्शुलिन घालावें लागतें. मात्र प्रयोगशाळेसाठीं विकल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या कुपीवर सामान्यतः ‘केवळ संशोधनासाठीं’ असा शेरा असतो. औषधाच्या प्रत्येक घाण्यास निर्जंतुकतेच्या व मात्रेच्या ज्या कसोट्या लावतात, त्या या कुपीस लावलेल्या नसतात. नांव एक म्हणून अधिकारही एक, असें समजून ती कोणीं रोग्यासाठीं आणूं नये.

गृहिणींसाठीं दोन सूचना. न उघडलेली इन्शुलिनची कुपी फ्रीजमध्यें ठेवावी, परंतु बर्फाच्या कप्प्यांत कदापि नको. एकदां गोठलेलें इन्शुलिन टाकूनच द्यावें लागतें. आणि डॉक्टरांस विचारल्याखेरीज मात्रेंत फेरफार करूं नये.

आज मिळणारें बहुतेक इन्शुलिन याच नव्या रीतीचें असतें. घरांत कोणी वडील माणूस ‘अभक्ष्य’ म्हणून तें टाळीत असेल, तर वाद न घालतां त्याच्याजवळ बसून ही हकीकत शांतपणें सांगावी. आचार न मोडतां आयुष्य राखतां येतें, हें एकदां पटलें म्हणजे पुष्कळांचा हात आपण होऊन पुढें येईल.