फ्लीट मॅनेजर? तो तर आपल्या डेपोतच बसतो!

सकाळची पहिली एसटी आली नाही की पहिलं लेक्चर गेलं, हे मुरबाड-शहापूरच्या पोरांना वेगळं सांगायला नको. मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरकरांचं स्टेशन आसनगाव, पण किन्हवली-डोळखांबकडून तिथवर पोहोचायलाही आधी एसटीच नाहीतर खचाखच भरलेली जीप.

'फ्लीट मॅनेजमेंट' म्हटलं की आपल्याला मोठ्या कॅब कंपन्या आठवतात. पण एसटीच्या ठाणे विभागात शहापूर आणि मुरबाड ही दोन आगारं आहेत आणि तिथला आगार व्यवस्थापक रोज हेच काम करतो. आज गाड्या किती, त्यातल्या वर्कशॉपमध्ये किती, चालक-वाहक किती हजर, कोणती गाडी कुठे पाठवायची?

गंमत म्हणजे या मंडळींच्या महामंडळांचीही देशपातळीवर एक संघटना आहे. असोसिएशन ऑफ स्टेट रोड ट्रान्सपोर्ट अंडरटेकिंग्ज, म्हणजे एएसआरटीयू. स्थापना १९६५, मुख्यालय दिल्लीत. राज्याराज्यांची एसटी महामंडळं तिची सभासद. सुट्या भागांचे दर ही संघटना सगळ्यांसाठी एकत्र ठरवून घेते. एकेकट्या महामंडळाने घासाघीस करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी आणि गाड्यांच्या चाचण्या करणारी सीआयआरटी ही संस्था तर आपल्या पुण्यात, भोसरीला, १९६७ पासून आहे.

संघटनेच्या परिषदांमध्ये अधिकारी भेटतात, चांगल्या कामगिरीला पुरस्कार मिळतात. कामगिरी कशी मोजतात? एक लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर, एक गाडी दिवसाला किती धावली, दहा हजार किलोमीटरमागे ब्रेकडाऊन किती. आकडे महत्त्वाचे आहेतच, डिझेल काही फुकट येत नाही. पण माळशेज घाट चढणारी गाडी आणि सोलापूरच्या सपाट रस्त्यावरची गाडी एका लिटरमध्ये सारखी कशी धावेल?

आणखी एक गोष्ट बघा. डेपोतून न सुटलेली गाडी रस्त्यात कधीच बंद पडत नाही! रद्द झालेल्या फेऱ्यांचा हिशेब ठेवतात, नाही असं नाही. पण तो किलोमीटरमध्ये. तो किलोमीटर सकाळी साडेसहाचा होता की दुपारी दोनचा, हे त्यात कुठे दिसतं? मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात जाताना निम्मी रिकामी असेल, पण पहाटे तीच अख्खं कॉलेज घेऊन येते.

त्यात १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुन्हा होत नाही, एसटीच्याही नाही. नियम योग्यच आहे, पण जुनी गाडी गेली आणि नवी आली नाही तर काय होणार? कोणती तरी फेरी कापली जाणार. तुम्ही पासवर तिकिटाचा तिसरा हिस्सा भरता, बारावीपर्यंतच्या मुलींचा पास तर मोफत. बाकीचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे. म्हणजे पासवाल्यांनी भरलेल्या गाडीत वाहकाच्या हाती रोख थोडीच येते. फक्त तेवढंच पाहिलं तर कात्री आपल्याच फेरीवर, नाही का?

म्हणून डेपोत अर्ज देताना नुसतं 'गाडी वेळेवर सोडा' लिहू नका. फेरीची वेळ लिहा, महिन्यात कोणत्या तारखांना ती आली नाही ते लिहा, आणि त्या थांब्यावर पासधारक किती, तो आकडा नावांच्या यादीसकट जोडा. वर कॉलेजचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव लावा. पोचपावती घ्यायला विसरू नका.