जुन्या इलेक्ट्रिक गिटारचे वय कसे ओळखावे?

पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त देशभरातील कुटुंबे भिलाईत आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. निवृत्तीनंतर सेक्टरमधील घर रिकामे करताना माळ्यावरून एखादी जुनी इलेक्ट्रिक गिटार निघते, तेव्हा ती भंगारात द्यावी की जपावी, हा प्रश्न उभा राहतो. विक्रेत्याच्या किंवा नातेवाइकांच्या सांगण्यापेक्षा वाद्यावरील खुणा अधिक विश्वासार्ह ठरतात.

सुरुवात पेटीवर चिकटवलेल्या दुकानाच्या चिठ्ठीपासून करावी. पत्त्यात भिलाईपुढे ‘म. प्र.’ असल्यास ती चिठ्ठी बहुधा १ नोव्हेंबर २००० पूर्वीची असते, कारण त्या दिवशी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. ४९० ने सुरू होणारा सहा अंकी पिनकोड छापलेला असेल, तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची होय. अर्थात, यावरून विक्रीचा काळ कळतो, निर्मितीचा नव्हे.

निर्मितीचा काळ शोधण्यासाठी अनुक्रमांक पाहावा लागतो. गिब्सन कंपनीने १९७७ पासून आठ अंकी क्रमांक वापरले. त्यातील पहिला व पाचवा अंक मिळून वर्ष, तर दुसरा ते चौथा अंक मिळून वर्षातील दिवस कळतो. ८२७६५५०१ हा क्रमांक १९८५ मधील २७६ वा दिवस, म्हणजे ३ ऑक्टोबर दाखवितो. त्यापूर्वीचे क्रमांक मात्र फसवे आहेत. साठच्या दशकातील क्रमांक सत्तरच्या दशकात पुन्हा वापरले गेले. अशा वेळी माथ्याच्या मागे ‘मेड इन यूएसए’ ठसा आहे का, हे पाहावे. तो १९७० पासून उमटू लागला. फेंडरच्या गिटारींवर १९७६ नंतर माथ्यावर आलेल्या क्रमांकात ‘एस’ हे अक्षर सत्तरचे आणि ‘ई’ हे ऐंशीचे दशक सुचविते. परंतु शिल्लक राहिलेल्या माना पुढच्या वर्षीही बसविल्या जात.

सर्वांत बोलका पुरावा आतल्या बाजूस असतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालील पोटेन्शिओमीटरवर आकडे कोरलेले असतात. १३७७६३३ मधील १३७ हा सीटीएस या निर्मात्याचा संकेत, ७६ म्हणजे १९७६ आणि ३३ म्हणजे आठवडा. गिटार त्याआधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते. पण सोल्डरिंग नव्याने केलेले दिसल्यास सुटा भाग बदलला असण्याची शक्यता गृहीत धरावी आणि या पुराव्यावर विसंबू नये.

भिलाईत आणखी एक दावा ऐकू येणे स्वाभाविक आहे, तो म्हणजे गिटार सोव्हिएत अभियंत्याची असल्याचा. कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. सोव्हिएत संघात ‘तोनिका’ या गिटारीचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. त्यामुळे ‘तोनिका’ १९५९ ची असल्याची कथा टिकत नाही. अशा अनेक सोव्हिएत गिटारींना नेहमीच्या जॅकऐवजी पाच पिनांचे सॉकेट असते.

वय निश्चित होईपर्यंत गिटारीला नवा रंग देऊ नये. मूळ रंग गेल्यास संग्राहकांच्या दृष्टीने किंमत बरीच घसरते. परदेशी ग्राहक मिळाल्यास लाकूडही तपासून घ्यावे. ब्राझिलियन रोझवूडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कठोर निर्बंध असून, परवान्याशिवाय पाठविलेले वाद्य सीमाशुल्क विभागाकडून जप्त होऊ शकते.